पहिली शिकारीची रायफल : स्कोपसकट मिळणारं स्वस्त पॅकेज घ्यावं का?

आडवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

तीन हंगाम एका ज्येष्ठ मित्राबरोबर रानात जातोय. पहिल्या वर्षी नुसता त्याच्या मागे बसून राहिलो, दुसऱ्या वर्षी त्याच्या रायफलीवर सराव केला आणि गेल्या वर्षी पहिलं हरीण मिळालं. प्रशिक्षण पूर्ण आहे, परवाना आहे, घरी कुलपाचं कपाट आलंय. आता दर वेळी त्याची रायफल मागणं जिवावर येतं.

एक पॅकेज पाहून ठेवलंय. बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हा दांडा हाताने मागे-पुढे करायचा), .३०८ कॅलिबर, काळा प्लास्टिकचा दस्ता, वर ३-९ बाय ४० चा स्कोप (चित्र तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी नेमाची दुर्बीण, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) कारखान्यातूनच बसवलेला. तीच रायफल स्कोपशिवाय घेतली तर किंमत फारशी उतरत नाही, म्हणजे स्कोप जवळजवळ फुकटच पडतो. नेमकी तिथेच पाल चुकचुकतेय. हरीण आणि रानडुक्कर एवढंच करायचंय, १५० यार्डांपलीकडे गोळी टाकायचा विचारही नाही. घ्यावं, की वर्षभर थांबून पैसे साठवून चांगलं काही घ्यावं?

निशाणी

घेऊन टाका. वर्षभर थांबलात तर एक हंगाम जाईल आणि त्या हंगामातला सरावही. हल्लीच्या स्वस्त रायफली आपल्यापेक्षा चांगला नेम धरतात. माझी सहा वर्षं वापरात आहे, १०० यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात बसतात.

टेकडीकाका

आडवाट, धागा काढलात हे बरं केलंत. घाई नसेल तर जरा सविस्तर लिहितो.

रायफल स्वस्त म्हणजे नेम वाईट, हे समीकरण आता राहिलेलं नाही. त्यामागे कारण आहे. नळी बोल्टच्या डोक्यापासून नेमक्या अंतरावर बसवणं हे पूर्वी कुशल कारागिराचं, वेळखाऊ काम असे. सॅव्हेजची ११० ही रायफल १९५८ साली आली. तिच्यात नळीच्या बुडाशी एक मोठा नट दिला होता. अंतर मोजणारा गेज लावायचा, नळी फिरवून अंतर जुळवायचं, नट आवळायचा, की झालं. तीच युक्ती आज अनेक कंपन्यांच्या स्वस्त रायफलींमध्ये दिसते. त्यामुळे नळी आणि बोल्ट हे जे दोन भाग गोळीला सरळ पाठवतात, ते स्वस्तातही चांगले मिळतात.

मग पैसे वाचवतात कुठे? दस्त्यात, पॉलिशमध्ये, मॅगझिनमध्ये, बोल्टच्या मऊपणात. आणि पॅकेज असेल तर सगळ्यात जास्त स्कोपमध्ये आणि तो धरून ठेवणाऱ्या रिंगांमध्ये. म्हणून माझा हिशेब सोपा आहे : पॅकेजमधल्या स्कोपची किंमत शून्य धरा. तो नसता तरी ही रायफल या पैशांत घेतली असती का, हे स्वतःला विचारा. उत्तर हो असेल तर बेलाशक घ्या. स्कोप चालला तर सोन्याहून पिवळं.

हे पोटतिडकीने लिहितोय, कारण मी याची किंमत मोजली आहे. पहिल्या पॅकेजमधला स्कोप मी डब्यातून काढून तसाच वापरला. कागदावर बरा बसत होता. दुसऱ्या हंगामात गाडीतून खडबडीत वाटेने गेलो, सकाळी ८० यार्डांवर रानडुक्कर आडवं उभं राहिलं, आरामात नेम धरला. गोळी पोटात लागली. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, ते सापडलं नाही. घरी येऊन कागदावर गोळ्या मारल्या तर सगळ्या सात इंच उजवीकडे. त्या जनावराचं काय झालं असेल हे अजूनही मनातून जात नाही.

आडवाट

काका, वाचून अंगावर काटा आला. मनापासून सांगितलंत, आभार. सात इंच सरकतं म्हणजे आत नेमकं काय होतं? काच हलते का?

धातुकाम

काकांच्या परवानगीने मी लिहितो, यंत्रशाळेत आयुष्य गेलंय.

स्कोपच्या आत आणखी एक बारीक नळी असते. तिला वरून आणि बाजूने दोन स्क्रू दाबतात, समोरून स्प्रिंग उलटा रेटा देते. आपण बाहेरचा नॉब फिरवतो तेव्हा हीच नळी सरकते. स्प्रिंग मिळमिळीत असेल तर बारच्या धक्क्याने नळी जागची हलते. हा स्कोपचा दोष, त्यावर घरगुती इलाज नाही.

पण माझ्या पाहण्यात 'स्कोप बिघडला' म्हणून आलेल्या रायफलींपैकी बऱ्याच जणींचा स्कोप धडधाकट निघाला. सैल होते ते स्क्रू. पॅकेजमध्ये स्कोप घाईत चढवलेला असतो. रेलचा (रिंगा जिच्यावर बसतात त्या पट्टीचा) एखादा स्क्रू दोन आट्यांवर टेकलेला, एखाद्यावर तेल सांडलेलं, रिंगांची एक बाजू कचकचीत आवळलेली आणि दुसरी ढिली.

तेव्हा पॅकेज घेतलंत तर पहिलं काम हे : रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा, बोल्ट काढून बाजूला ठेवा, मग स्कोप पूर्ण उतरवा. रेलसुद्धा उतरवा. भोकांतलं तेल स्पिरिटने पुसा. रेलच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एकच थेंब, लाल अजिबात नको, पुढे निघणार नाही. रिंगांच्या टोपीचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंडांवर आवळतात, मात्र माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) उसना मिळत असेल तर आणा. हाताच्या अंदाजाने माणूस जास्तच आवळतो आणि स्कोपच्या नळीला कंबर पडते. चारही स्क्रू फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे.

आणखी एक. कागदाची पट्टी घ्या, नळी आणि दस्त्याच्या पुढच्या भागामध्ये सरकवा आणि मागे न्या. ती मोकळी गेली पाहिजे. मग दस्त्याचं टोक वाळूच्या पिशवीवर टेकवून जरा वजन द्या आणि पुन्हा पट्टी सरकवा. मऊ प्लास्टिकचा दस्ता वाकून नळीला टेकतो आणि तेवढ्यानेही गोळी भरकटते. तसं होत असेल तर पिशवी पुढच्या टोकाला न लावता मॅगझिनच्या जरा पुढे लावा, बराच फरक पडतो.

रानसई

सगळे यंत्राबद्दल बोलताहेत, मी अंगाबद्दल बोलते. माझी उंची पाच फूट एक इंच. पहिली रायफल आकडे वाचून घेतली आणि दोन वर्षं स्वतःलाच दोष देत राहिले. चापापासून दस्त्याच्या बुडापर्यंतचं अंतर बहुतेक रायफलींत पावणेचौदा इंचांच्या आसपास असतं. माझ्यासाठी ते जास्त होतं. मान पुढे ताणायची, खांदा मागे न्यायचा, आणि इतकं करूनही स्कोपमध्ये कडेने काळी चंद्रकोर दिसायची. शेवटी आखूड दस्ता बसवला आणि पहिल्याच दिवशी काय चुकत होतं ते कळलं.

आडवाटदादा, दुकानात जाल तेव्हा हे करून बघा. रिकामी रायफल सुरक्षित दिशेला धरून डोळे मिटा, सहज वाटेल तशी खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर रायफल तुमची. मान वर उचलावी लागली तर दस्ता स्कोपच्या मानाने खाली आहे. स्वस्त पॅकेजांत हे फार दिसतं, कारण दस्ता सरळसोट आणि रिंगा उंच. गालाखाली फोमची पट्टी चिकटवून काम भागतं, पण ती लागणार हे आधी माहीत असू द्या. जाड जाकीट घालून जा, रानात तेच अंगावर असणार आहे.

आणि कोणता डोळा जोरदार आहे ते तपासलंय ना? दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठ्याने लांबचा खांब झाका, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बघताना अंगठा जागेवर राहतो तो तुमचा नेमाचा डोळा.

कॅलिबरबद्दल. .३०८ उत्तम आहे, १९५२ पासून चालत आलेलं, काडतुसं सगळीकडे मिळतात. पण स्वस्त रायफल बहुधा हलकी असते आणि हलकी रायफल जास्त लाथ मारते. .२४३ या लहान कॅलिबरचा धक्का .३०८ च्या जवळपास निम्मा असतो आणि योग्य गोळी घेतली तर हरणाला तो पुरेसा आहे. मोठ्या डुकरासाठी मात्र मीही .३०८ च घेईन. धक्क्याला घाबरून चाप हिसडायची सवय लागली की सुटता सुटत नाही, एवढं लक्षात ठेवा. मला चार महिने लागले.

निशाणी

रानसईताईंशी पूर्ण सहमत. दस्त्याचा मुद्दा मी विसरलोच होतो.

पण काका, स्कोपची किंमत शून्य धरणं जरा टोकाचं नाही का? माझा पॅकेजचाच स्कोप आहे, सहा वर्षांत हललेला नाही.

टेकडीकाका

निशाणी, तुमचा हललेला नाही याचा आनंदच आहे. शून्य धरा म्हणजे फेकून द्या असं मी म्हणत नाही, त्याच्या भरवशावर सौदा करू नका एवढंच म्हणतो.

तीन गोळ्यांच्या इंचाबद्दल मात्र बोलतो, राग मानू नका. तीन गोळ्या कधीकधी नशिबानेही जवळ बसतात. त्याच रायफलीने दहा मारल्या की वर्तुळ मोठं होतंच, सगळ्यांचं होतं. रानात उपयोगाचं वर्तुळ ते दहाचं. आणि त्याहून महत्त्वाची ती थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी, कारण हरणावर दुसरी मारायची वेळ सहसा येत नाही. मी एकच कागद जपून ठेवतो. सरावाला गेलो की पहिली गोळी त्यावर मारायची, शेजारी तारीख लिहायची आणि कागद गुंडाळून परत आणायचा. वर्षभरात त्यावर दहाबारा भोकं होतात. माझी रायफल काय करते हे मला त्या कागदावरून कळतं.

निशाणी

राग कसला काका. हा कागदाचा प्रकार उद्यापासूनच सुरू करतो.

चंद्रकोर_११

जुनी रायफल घेण्याचा पर्याय कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. तेवढ्याच पैशांत अक्रोडाचा दस्ता आणि लोण्यासारखा सरकणारा बोल्ट मिळू शकतो. पण माहितगार माणूस बरोबर हवा. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नको, आतून उजेडात पाहिल्यावर खड्डे नकोत, स्क्रूंची डोकी कुरतडलेली नकोत. पहिल्या खरेदीला मी नवीनच सुचवेन.

खरं म्हणजे मला उजेडाबद्दल लिहायचंय. जनावरं बाहेर पडतात पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि स्वस्त काच उघडी पडते ती तेव्हाच. दुकानातल्या दिव्याखाली सगळे स्कोप झकास दिसतात. साधा हिशेब आहे : पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. ४० ला ९ ने भागलं तर साडेचार मिलिमीटरहून थोडा कमी उजेडाचा ठिपका डोळ्यापर्यंत येतो. कातरवेळी डोळ्याची बाहुली त्याहून मोठी झालेली असते, म्हणजे चित्र अंधारं दिसणार. तोच स्कोप ६ वर आणा, ठिपका साडेसहाच्या पुढे जातो आणि चित्र लख्ख उजळतं. कितीतरी लोक ९ वर ठेवून बसतात आणि स्कोपला शिव्या देतात. रानात शिरताना मी ४ वर ठेवतो. जवळून अचानक काही निघालं तर ९ वर नुसती केसाळ भिंत दिसते.

स्कोपमधल्या नेमाच्या फुलीच्या खाली लांब पल्ल्यासाठी खुणा असतील तर त्यांच्या नादी लागू नका. अशा स्कोपमध्ये त्या बहुतेक वेळा एकाच मोठेपणावर खऱ्या असतात, सहसा सर्वांत जास्त.

पाऊलखुणा

मी स्वतः शिकार सोडली आहे, पण करणाऱ्याला विरोध नाही. एकच विचारते. पैशांच्या हिशेबात काडतुसं धरलीत का? नवी रायफल घेऊन जेमतेम एक खोका उडवायचा आणि रानात शिरायचं, हे मी फार वेळा पाहिलंय. काकांनी लिहिलं तसं जखमी जनावर मागे राहतं ते बहुधा अशा माणसाकडून.

आडवाट

पाऊलखुणाताई, खरं सांगायचं तर नव्हती धरली. सगळ्यांचं वाचून वहीत दोन रकाने केले. एकात महागडी रायफल आणि दोन खोके काडतुसं. दुसऱ्यात हे पॅकेज आणि दहा खोके. एकूण रक्कम जवळपास तीच येते. तिथेच माझा बराचसा निर्णय झाला.

काल दुकानात जाऊन आलो. जाड जाकीट घालून डोळे मिटून खांद्याला लावली. लांबी बरोबर बसली. गाल मात्र अर्धा इंच वर उचलावा लागला, रानसईताईंनी लिहिलं अगदी तसंच. चाप कोरडा, म्हणजे काडतूस न भरता, ओढून पाहिला, जरा जड आहे पण मध्ये अडकत नाही, एकदम सुटतो. बोल्ट खरखरतो. हे सगळं आधीच माहीत असल्यामुळे त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. स्कोपची किंमत शून्य धरूनही रायफल आवडली. घेतली.

धातुकाम

अभिनंदन! आता स्कोप उतरवल्याशिवाय एकही गोळी मारू नका. 'बोअर साइट केलेला' असं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गोळी कागदावर कुठेतरी लागेल इतकाच. नेम बसवायचं काम आपलंच.

टेकडीकाका

पहिला कागद २५ यार्डांवर लावा. नॉबच्या एका क्लिकला पाव एमओए (हे कोनाचं माप) म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच, पण २५ यार्डांवर तोच क्लिक एक षोडशांश इंचच हलवतो, म्हणजे तिथे चौपट क्लिक द्यावे लागतात. हे लक्षात न राहिल्याने लोक काडतुसं फुकट घालवतात. १०० यार्डांवर दीड इंच वर बसवलात तर .३०८ ची १५० ग्रेन वजनाची गोळी २०० यार्डांपर्यंत नेमाच्या वर-खाली दोन इंचांपलीकडे जात नाही. तुमच्या पल्ल्यात अंतराचा हिशेब करायची गरजच उरणार नाही.

आडवाट

उशिरा लिहितोय, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

शनिवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून स्कोप उतरवला. समोरच्या रिंगा ठीक होत्या. रेलचा मागचा स्क्रू बोटांनीच फिरला! पाना लावायचीही गरज पडली नाही. धातुकाम, तुमची आठवण झाली. सगळं पुसलं, निळा थेंब, उसना टॉर्क रेंच, १७ वर आवळलं. गालाखाली फोमची पट्टी लावून वर कापडी टेप गुंडाळला.

रविवारी मैदानावर. २५ यार्डांवर पहिली गोळी दीड इंच डावीकडे, उंचीला बरोबर. २४ क्लिक उजवीकडे दिले, दुसरी गोळी ठिपक्याला चाटून गेली. मग १०० यार्ड. पाच गोळ्या दोन इंचांत, मध्य दीड इंच वर. त्या क्षणी फार आनंद झाला, लपवत नाही.

नंतर स्कोपची परीक्षा घेतली. १२ क्लिक वर दिले, तीन इंच वर जायला हवी होती, सव्वादोनच गेली. १२ क्लिक परत खाली दिले तर पहिली गोळी जुन्या जागेच्या एक इंच वर, आणि दोन बार झाल्यावर बरोबर जागेवर. म्हणजे नॉब सांगतो तेवढं हे यंत्र हलत नाही. पण एकदा बसलं की बसतं का? ते बघायला रायफल गाडीत ठेवून आठवडाभर कामाला नेली-आणली, अर्थातच रिकामी, कुलूपबंद पेटीत. पुढच्या रविवारी थंड नळीची पहिली गोळी पहिल्या भोकापासून पाऊण इंचावर.

धातुकाम

हे छान काम केलंत. असे स्कोप नीट हलत नाहीत पण एका जागी टिकतात, तुमचा त्यातलाच दिसतो. नॉबवर टोप्या घट्ट लावा आणि हंगाम संपेपर्यंत हात लावू नका. नेम पुन्हा बसवायची वेळ आलीच तर बदल केल्यावर दोन गोळ्या मारूनच निकाल धरा.

चंद्रकोर_११

संध्याकाळी पाहिलंत का?

आडवाट

पाहिलं. सूर्य बुडाल्यावर गच्चीवरून, रायफलीचा बोल्ट काढून, समोरच्या झाडीकडे. ९ वर फुली पंधरा मिनिटांतच झाडाच्या सावलीत विरघळली. ६ वर आणल्यावर आणखी दहा मिनिटं दिसली. मित्राच्या चांगल्या स्कोपमधून त्यानंतरही झाडाची साल दिसत होती. हा फरक मोठा आहे, मान्य. या हंगामात फुली दिसेनाशी झाली की बोल्ट उघडून घरी यायचं असं ठरवलंय. पुढच्या वर्षी पैसे साठले की पहिला नंबर स्कोपचा, रायफलीला हात लावणार नाही.

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून दोन इंच जमतात म्हणून आठ इंची थाळी लावली आणि गुडघ्यावर बसून १०० यार्डांवर दहा गोळ्या मारल्या. सहाच लागल्या. रानात टेबल नसतं. थाळी ७५ वर आणली, दहापैकी नऊ. ५० वर दहाच्या दहा. म्हणजे आज माझा पल्ला ५० यार्ड, रायफलीचा कितीही असो.

पाऊलखुणा

हा आकडा स्वतःहून लिहिलात, बरं वाटलं. किती खोके उरलेत?

आडवाट

सात. हंगामाला नऊ आठवडे आहेत.

टेकडीकाका

पुरेसे आहेत. एका बैठकीत दहा नकोत, पाच मारा आणि मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. बाकीचा सराव घरी रोज दहा मिनिटं : रायफल रिकामी, काडतुसं दुसऱ्या खोलीत, भिंतीवर छोटा ठिपका, गुडघ्यावर बसून चाप कोरडा ओढायचा. नळीवर नाणं ठेवून बघा, चाप सुटल्यावर ते पडता कामा नये. दोन आठवड्यांनी पुन्हा ७५ ची थाळी लावा आणि इथे कळवा.